इन्सुलिन टोचून झालं, पण लेकरू जेवायलाच तयार नाही

जुळे सोलापुरातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत शिकतो. आठ महिन्यांपूर्वी त्याला टाइप वन मधुमेह निघाला. दिवसातून चार वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं. त्या लिहितात: "सुई टोचताना तो रडत नाही, पण ताट समोर आलं की तोंड मिटून बसतो. इन्सुलिन आत गेलेलं असतं, साखर उतरेल म्हणून माझ्या छातीत धडधडतं. मग मी मोबाइल लावून देते, गोष्ट सांगते, हात जोडते, शेवटी ओरडते. एक भाकरी संपायला तास जातो. सासूबाई म्हणतात, लेकरू आजारी आहे, मागेल ते दे. मिस्टर म्हणतात, तुझ्या लाडानं बिघडलाय. माझं नेमकं काय चुकतंय?"

ताई, मी सोलापुरात गेली बावीस वर्षं लहान मुलांच्या आहाराचं काम करते. त्यातली बरीचशी वर्षं दीर्घ आजार असलेल्या मुलांसोबत गेली. मधुमेह, किडनी, हृदयातलं छिद्र, मिरगी, थॅलेसेमिया. तुमच्या पत्रात मी एकाच वाक्याशी थांबले, ते म्हणजे छातीतली धडधड. सासूबाई आणि मिस्टर दोघंही मुलाबद्दल बोलताहेत. मला मात्र आधी त्या धडधडीचं काहीतरी करायचं आहे. ती कमी झाली नाही तर मी पुढे जे सांगेन त्यातलं काहीही तुमच्याच्यानं पाळलं जाणार नाही.

निरोगी मुलाच्या आईला आम्ही सहज सांगून मोकळे होतो की, नाही जेवला तर राहू दे, भूक लागली की येईल. तुम्हाला तसं सांगणं अन्यायाचं आहे. इन्सुलिन एकदा आत गेलं की परत काढता येत नाही. तुमच्या घरात जेवणाला घड्याळ लागलेलं आहे आणि तुमच्या मुलाला ते कळलेलं आहे. आठ महिन्यांत त्याच्या आयुष्यातल्या जवळपास सगळ्या गोष्टी दुसऱ्यांनी ठरवल्या. बोट कधी टोचायचं, सुई कुठे द्यायची, वाढदिवसाचा केक किती खायचा. त्याच्या हातात एकच गोष्ट उरली, तोंड उघडायचं की नाही. ते तो वापरतो. यात तो बिघडलेला आहे असं मला कुठेच दिसत नाही.

म्हणून पहिलं काम डॉक्टरांकडे जाऊन करायचं. त्यांना नेमक्या शब्दांत विचारा: "याच्या खाण्याचा भरवसा नाही, तर जेवणाच्या वेळच्या इन्सुलिनचं काही करता येईल का?" झटपट असर करणारं इन्सुलिन साधारण जेवणाआधी १० ते १५ मिनिटं देतात आणि साखरेसाठी तेच उत्तम. पण मूल किती खाईल याचा अंदाजच नसेल, तर काही काळासाठी डॉक्टर डोसाचे दोन भाग करतात. एक भाग आधी आणि दुसरा जेवण झाल्यावर, खाल्लेल्याच्या हिशेबानं. अगदी अडलंच तर पूर्ण डोस जेवण संपल्या संपल्या देतात. यात जेवणानंतरची साखर थोडी वर जाते, त्यामुळे ही सोय कायमची नसते. दोन-तीन महिन्यांत जेवण मार्गी लागलं की पुन्हा जेवणाआधीच्या डोसावर यायचं.

तुमच्याकडे साधं रेग्युलर इन्सुलिन चालू असेल तर मात्र हिशेब वेगळा आहे. ते अर्धा तास आधी द्यावं लागतं आणि पाच-सहा तास काम करत राहतं, म्हणून जेवणानंतर देण्याची युक्ती तिथे तशीच्या तशी चालत नाही. आणि दिवसातून एकदा दिलं जाणारं लांब पल्ल्याचं इन्सुलिन जेवणाशी बांधलेलंच नसतं. आज जेवला नाही म्हणून ते चुकवायचं नाही. यातला कुठलाही बदल मनानं करू नका. पण प्रश्न जरूर विचारा. सिव्हिलच्या बालरोग ओपीडीत गर्दी असते, खासगीतही डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, आणि आई "जेवत नाही हो" एवढंच बोलून परत येते. कागदावर लिहून न्या. तीन दिवस, प्रत्येक जेवण, किती वाढलं, किती खाल्लं, किती वेळ लागला, आधी आणि दोन तासांनी साखर किती. तो कागद बघितल्यावर डॉक्टर वेगळं बोलतात, हा माझा अनुभव आहे.

आता दुसरी गोष्ट. तुम्ही ती लिहिलेली नाही, पण बहुतेक घरांत मला सापडते. इन्सुलिन दिलं, मूल जेवलं नाही, आई घाबरली, आणि मग बिस्कीट आलं. किंवा फ्रुटी, किंवा चमचाभर जॅम. आईच्या दृष्टीनं तिनं साखर सांभाळली. मुलाच्या दृष्टीनं भाकरी नाकारली की बिस्कीट येतं, एवढा सरळ हिशेब झाला. सात वर्षांचं मूल हा हिशेब दोन दिवसांत शिकतं, आणि शिकलंय हे त्याचं त्यालाही धड ठाऊक नसतं.

यावर उपाय असा की, राहिलेल्या खाण्याच्या बदल्यात द्यायची गोष्ट आधीच ठरवून ठेवायची. ती रोज तीच असावी आणि साधी असावी. आमच्याकडे बहुतेक जण कपभर दूध ठरवतात, साखर न घातलेलं. २०० मिली दुधात साधारण १० ग्रॅम कर्बोदकं असतात. जास्त उरलं असेल तर सोबत एखादं लहान केळं. वेळ संपली, ताट उचललं, दूध दिलं, विषय संपला. चेहऱ्यावर राग नको आणि "बघ, आता दूधच प्यावं लागलं ना" हेही नको. किती उरलं तर किती द्यायचं याचा तक्ता आहारतज्ज्ञांकडून करून घ्या आणि फ्रिजच्या दारावर लावा, म्हणजे त्या क्षणी डोकं चालवावं लागत नाही.

साखर खरोखर कमी झाली असेल, म्हणजे मशीनवर ७० च्या खाली, तर तिथे हे सगळं बाजूला ठेवायचं. त्या वेळी शिस्त लावायची नाही, समजावायचं नाही. वजनाप्रमाणे ठरवून दिलेलं ग्लुकोज लगेच द्यायचं. वीस किलोच्या मुलाला साधारण ६ ग्रॅम, म्हणजे चहाचा सव्वा ते दीड चमचा साखर पाण्यात विरघळवून. १५ मिनिटांनी पुन्हा बोट टोचून बघायचं. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. दूधसुद्धा या वेळी नको. मूल गुंगीत असेल, गिळत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, डॉक्टरांनी ग्लुकॅगॉन, म्हणजे साखर झटकन वाढवणारं इंजेक्शन, दिलेलं असेल तर ते टोचायचं आणि दवाखाना गाठायचा. "मला कमी झाल्यासारखं वाटतंय" असं तो म्हणेल तेव्हा दर वेळी मशीननं बघा. गोडासाठी खोटं बोलतोय असा संशय आला तरी तो बोलून दाखवू नका. कमी साखरेबद्दल घरात सांगायला मूल कचरू लागलं तर त्यासारखा दुसरा धोका नाही.

हे दोन बंदोबस्त झाले की मग ताटावरच्या भांडणाकडे वळता येतं.

पूर्व भागातल्या एका घराची गोष्ट सांगते. पाच वर्षांची मुलगी, किडनीचा जुना आजार, वजन वाढत नव्हतं. आई घरी विड्या वळायची. "सगळं करून बघितलं" असं ती म्हणाली, म्हणून मी एका दुपारी त्यांच्या घरी जाऊन कोपऱ्यात बसले. हातात वही, भिंतीवर घड्याळ. आईच्या मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू. समोर मुलीचं ताट, वरणात कुस्करलेली भाकरी. मुलीनं पहिले तीन घास स्वतःच्या हातानं खाल्ले. त्या वेळी आई विडीला दोरा गुंडाळत होती, आजी खिडकीतून शेजारणीशी तेलुगूत बोलत होती, मोठा भाऊ गृहपाठात होता. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. चौथा घास तिनं हातात घेतला आणि तसाच धरून बसली. त्यासरशी तीन चेहरे तिच्याकडे वळले. "खा गं." "खा ना बाळा." "खातीस का देऊ एक?" आईनं सूप बाजूला ठेवलं आणि तिला मांडीवर घेतलं. आजीनं चिमणीचा घास केला, भाऊ मोबाइल घेऊन आला. मी वहीत प्रत्येक "खा"ला एक रेघ मारत होते. ४८ मिनिटांत सत्तरच्या वर रेघा झाल्या. घास झाले अकरा. ते अकरा घासही बहुतेक पहिल्या पंधरा मिनिटांतले होते.

मी आईला वही दाखवली. ती बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ती खाती तवा मी काम करते, आणि खाईना झाली की मांडीवर घेते." मला वेगळं काही सांगावंच लागलं नाही.

हे फक्त त्या घरापुरतं नाही. सिस्टिक फायब्रोसिस नावाच्या आजारात मुलांना भरपूर उष्मांक लागतात, त्यामुळे त्या घरांत जेवणावरून फार ओढाताण होते. परदेशात अशा घरांतल्या जेवणांचं चित्रीकरण करून अभ्यास झाले. त्यांतही हेच दिसलं की जेवणाच्या उत्तरार्धात आर्जवं, हुकूम आणि भरवणं वाढत जातं, आणि जेवण लांबलं म्हणून पोटात जास्त जातं असं काही होत नाही.

तेव्हा ताई, तुमच्या घरात आधी बदलायची ती लक्ष देण्याची वेळ. तो घास उचलतो तेव्हा त्याच्याकडे बघा, बोला, हसा. तो थांबतो तेव्हा तुम्ही तुमचं जेवा, मिस्टरांशी बोला, आमटी वाढून घ्या. बोलताना "शहाणा माझा" असं मोघम नको, जे केलं त्याचं नाव घ्या. "आज भेंडी तू आपण होऊन घेतलीस." "पाणी न मागता बसून राहिलास, मला बरं वाटलं." आणि "खा" हा शब्द काही दिवस घरातून हद्दपार करा. आम्ही एका घरात "खा" म्हणणाऱ्यानं रुपयाचं नाणं डब्यात टाकायचं असं ठरवलं होतं. डबा कसा खुळखुळतोय हे बघण्यात त्या घरातल्या मुलालाच मजा येऊ लागली.

एक आधीच सांगून ठेवते, कारण इथे बहुतेक घरं माघार घेतात. दुर्लक्ष सुरू केलं की पहिले चार-पाच दिवस त्याचं वागणं जास्त बिघडेल. आजवर जे हत्यार चाललं ते चालेनासं झालं, म्हणून तो ते जोरानं चालवून बघेल. ताट सरकवेल, उलटीचा आवाज काढेल, "मला कुणी प्रेम करत नाही" म्हणेल. याच दिवसांत तुम्ही एकदा जरी हरून मोबाइल लावलात, तर पुढच्या वेळी तो तेवढाच जोर लावेल. म्हणून तिन्ही जेवणांना एकदम हात घालू नका. एकच जेवण निवडा. माझ्या मते रात्रीचं, कारण तेव्हा मिस्टर घरी असतात, शाळेची घाई नसते. ज्या आठवड्यात घरी पाहुणे आहेत, लग्न आहे, किंवा तो तापातून उठलाय, त्या आठवड्यात सुरुवात नको.

जेवण २५ मिनिटांचं. ठरलेली जागा, सगळे सोबत बसलेले, टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पाच मिनिटं आधी सांगा, म्हणजे खेळ आवरायला वेळ मिळतो. वेळ संपली की ताट उचला, खाल्लेलं असो वा नसो. दोन जेवणांच्या मध्ये तुमच्या रोजच्या आहाराच्या तक्त्यात असेल तेवढाच एक ठरलेला खाऊ आणि बाकी वेळ फक्त पाणी. दिवसभर कुरमुरे, फरसाण, अर्धा कप चहा असं चालू राहिलं तर रात्री भूक येणार कुठून?

वाढताना मन घट्ट करून कमी वाढा. आपल्याकडे ताट भरून वाढणं म्हणजे माया. पण सात वर्षांच्या मुलाला समोरची अख्खी भाकरी डोंगरासारखी दिसते. भाकरीचा चौथा भाग ठेवा, तो संपला की त्याला "अजून हवंय" म्हणायची संधी मिळते. हे दोन शब्द त्याच्या तोंडून यावेत यासाठी एवढा खटाटोप आहे. ताटात त्याला आवडणारी एक गोष्ट नेहमी हवी आणि नवी किंवा नावडती गोष्ट चिमूटभर. एखादी भाजी मूल स्वीकारायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा ताटात यावी लागते. आपण तिसऱ्यांदाच "त्याला दोडका आवडत नाही" असं जाहीर करून टाकतो.

कर्बोदकांचा हिशेब शिकायला भाकरी अवघड जाते, कारण प्रत्येक घरची भाकरी वेगळी. तुम्ही एकदाच घरच्या काट्यावर पीठ मोजा. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत ३४-३५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं येतात. मग तेवढ्याच पिठाचा गोळा रोज घ्यायचा. भाकरी थापताना त्याला सोबत बसवा, चार भाग त्यालाच करू द्या. आपल्या हातानं मोडलेली चतकोर भाकरी मुलं जास्त आपुलकीनं खातात. मंगळवेढ्याच्या ज्वारीची मऊ भाकरी, कोरड्यास, वर शेंगाचटणी. सोलापूरच्या घरात त्याला वेगळं पथ्याचं ताट वाढायची मुळात गरजच नाही. चमचाभर शेंगाचटणीत कर्बोदकं नगण्य असतात. त्याला वेगळं आणि तुम्हाला वेगळं असं झालं की ताट हीच आजाराची खूण होऊन बसते. किडनीच्या मुलांना ही मोकळीक नसते, चटणीतलं मीठ त्यांना चालत नाही. तिथे सगळ्या घरानं एका जेवणापुरतं मीठ कमी करावं आणि मोठ्यांनी आपलं मीठ वरून घ्यावं, असं मी सुचवते.

आता एक महत्त्वाची शंका. हे सगळं वागण्याचंच आहे कशावरून? मी कुठल्याही घरात आधी हे तपासते. अचानक खाणं बंद झालं, पोट दुखतंय, मळमळतंय, उलटी होतेय, तहान फार लागलीय, साखर वर आहे, तर ते नखरे समजू नका. किटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की अंगात साठणारी आम्लं, तपासा आणि डॉक्टरांना लगेच कळवा, आजारपणातही इन्सुलिन चालूच असतं. पोट साफ होत नसेल तर भूक मरते, आणि आईला ते माहीतच नसतं, कारण सात वर्षांचं मूल आता एकटं जातं. विचारा. टाइप वन असलेल्या मुलांमध्ये सीलिॲक आजार, म्हणजे गहू न सोसणं, इतर मुलांपेक्षा जास्त आढळतं. थायरॉइडचंही तसंच. पोळी खाल्ल्यावर पोट फुगतं, वजन वाढत नाही, रक्त कमी आहे, तर त्यासाठी रक्ताची तपासणी असते. ती आजवर झाली नसेल तर डॉक्टरांना आठवण करा. दाढ किडलेली नाही ना, तोंड आलेलं नाही ना, हेही बघा. एका मुलाला आम्ही तीन आठवडे वागण्याचे धडे देत होतो आणि कारण किडलेली दाढ निघाली. त्या चुकीचं मला अजून वाईट वाटतं.

हे वाचणाऱ्या इतर आईवडिलांसाठीही थोडं सांगते. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून प्रथिनं जाण्याचा किडनीचा आजार, असलेल्या मुलाची गोष्ट उलटी असते. स्टिरॉइडमुळे त्याला भस्म्या झाल्यासारखी भूक लागते, ते डबे उघडतं, रात्री उठून मागतं. त्याला हावरट म्हणू नका, ती भूक औषधाची आहे आणि औषध कमी झालं की उतरते. तोपर्यंत कमी मिठाचं, पोट भरणारं खाणं हाताशी ठेवा. काकडी, मिठाशिवायची लाही, मुगाचं पातळ धिरडं. हृदयाच्या आजारातलं बाळ दूध पिताना दमतं, घामेजतं, झोपी जातं. त्याला थोडं थोडं, जास्त वेळा पाजायचं. मिरगीच्या काही औषधांनी भूक जाते, काहींनी वाढते. म्हणून खाण्यात बदल कधी झाला आणि औषध कधी बदललं, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून बघा. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला त्या दिवशी त्याचा लाडका पदार्थ देऊ नका. मळमळ त्या पदार्थाशी जोडली जाते आणि तो पदार्थ पुढे कायमचा नकोसा होतो.

आणि औषध जेवणात लपवू नका, कुठल्याच आजारात. शिऱ्यात गोळी सापडली की मूल शिरा सोडतं, आणि पुढे कितीतरी दिवस आईनं वाढलेल्या प्रत्येक वाटीत चमचा फिरवून बघतं. औषध कडू आहे असं सांगून, चमच्यात वेगळं द्यावं.

बक्षीस द्यायचं का? द्यावं, पण खाण्याच्या प्रमाणावर नको आणि साखरेच्या आकड्यावर तर मुळीच नको. आकडा त्याच्या हातात नसतो. ताप, झोप, धावपळ, सुईची जागा, कशानंही तो हलतो. "आज २४० आली, काय खाल्लंस?" असं विचारलं की पुढच्या वेळी तो मशीन लपवतो. आकडा फक्त वहीत लिहायचा, त्याला चांगला किंवा वाईट म्हणायचं नाही. बक्षीस त्याच्या हातातल्या गोष्टीला द्या. वेळेवर बसला, २५ मिनिटं जागा सोडली नाही, नवी भाजी चाखली, तर कॅलेंडरवर एक ठिपका. पाच ठिपके झाले की बाबांसोबत कंबर तलावावर एक फेरी, किंवा रविवारी अर्धा तास जास्त क्रिकेट. खाण्याचं बक्षीस खाणं नको.

उन्हाळ्याचं वेगळं लिहायला हवं. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा दुपारी मोठ्यांचंही जेवण उतरत नाही. तुमच्या मुलाचं दुपारचं खाणं त्या दिवसांत कमी होणारच. डॉक्टरांशी बोलून मोठं जेवण सकाळी लवकर आणि संध्याकाळी सातनंतर घ्या, दुपारी ताक-ज्वारीची आंबील, दहीभात असं हलकं. आंबिलीतही पीठ मोजूनच. उन्हात इन्सुलिन अंगात लवकर भिनतं, म्हणून खेळून आल्यावर साखर बघा. वापरातली इन्सुलिनची बाटली ३० अंशांच्या वर तापता कामा नये. फ्रिज नसेल किंवा वीज जात असेल तर पाण्याच्या माठात, प्लास्टिकच्या डबीत घट्ट बंद करून ठेवा. कधी मूल नीट जेवतंय, तरी साखर उगाच वर राहते, आणि आई जेवणाला दोष देत बसते. अशा वेळी आधी बाटली बघा.

शाळेच्या डब्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण बाईंना जाऊन भेटा. त्यांना दोन गोष्टी सांगायच्या. कमी साखरेची लक्षणं काय आणि ग्लुकोज कुठल्या कप्प्यात आहे, एवढंच. डबा संपला का नाही यावर वर्गात त्याला कुणी विचारू नये, अशी विनंती करा. डबा परत आला तर घरी येऊन त्यावर बोलणं नको, वहीत नोंद घ्या. गड्ड्याच्या यात्रेला त्याला अडवू नका. काय खायचं ते त्याच्याशी आधी ठरवा, त्याचा हिशेब करा आणि पाळण्यात बसवून आणा. वर्षातून एकदा येणाऱ्या जत्रेत आईच्या डोळ्यांत भीती दिसली तर त्याला ती यात्राभर दिसत राहते.

मिस्टरांना माझा निरोप द्या. लाडानं बिघडलाय असं म्हणण्याऐवजी आठवड्यातली तीन रात्रीची जेवणं त्यांनी सांभाळावीत. वाढायचं, वेळ लावायची, ताट उचलायचं आणि दूध द्यायचं, सगळं त्यांनीच. त्या वेळी तुम्ही आतल्या खोलीत जा. आठ महिने प्रत्येक घासामागे तुम्ही उभ्या आहात, तुमचंही जेवण धड झालेलं नाही, हे तुमच्या पत्रातून कळतं.

राहिल्या सासूबाई. त्यांना "तुम्ही मध्ये बोलू नका" असं सांगितलं तर त्या दुखावतील आणि तुमच्या पाठीमागे लाडू देतील, हे मी बऱ्याच घरांत बघितलं आहे. त्यांना काम द्या. रात्री त्यांचं ताट नातवाच्या शेजारी मांडा. त्यांनी त्याच्या ताटाकडे न बघता आपली भाकरी कुस्करून खायची आणि लहानपणी हुरडा खायला शेतात जायच्या त्या दिवसांबद्दल सांगायचं. "मागेल ते दे" यामागे त्यांची जी माया आहे, तिला त्या गोष्टीत जागा मिळेल. पहिल्या दोन-तीन रात्री नातू हात आखडून बसेल आणि त्यांचा जीव खालीवर होईल. दूध ठरलेलं आहे, साखर सांभाळलेली आहे, हे त्यांना आधी नीट समजावून सांगा आणि फ्रिजवरचा तो तक्ता त्यांनाही वाचून दाखवा.